गोधडी भेट द्यायची आहे ना? मग आधी सांगा, ती धुणार कोण

तुमचा प्रश्न वाचला. आई जाऊन वर्ष होत आलंय, तिच्या कपाटात पंचवीसेक साड्या आहेत आणि दिवाळीला तीन महिने उरलेत. तेवढ्यात बहिणीच्या होणाऱ्या बाळाला दुपटं, सासूबाईंना गोधडी, टोरांटोच्या भावाला डबलबेडची मोठी गोधडी आणि चार मैत्रिणींना एकेक लहान गोधडी असं सगळं तुम्हाला आईच्या साड्यांमधून शिवायचं आहे. मशीनवर ब्लाउज येतो, हातशिलाईचा सराव नाही. डिझाइन कोणतं घेऊ आणि जुन्या कपड्याची वस्तू भेट दिली तर कुणाला वाईट वाटेल का, असं तुम्ही विचारलंय.

मी ३४ वर्षं गोधड्या शिवते आहे. त्यातल्या निम्म्याहून अधिक भेट म्हणून दिल्या. डिझाइनचं मी शेवटी सांगेन. कात्रीला हात लावण्याआधी सातही जणांची नावं कागदावर लिहा आणि प्रत्येकापुढे एवढंच लिहा : ही गोधडी कोण धुणार, कुठे धुणार आणि वर्षातून कितीदा? कापड, दोरा, आकार, थर किती, टाके हाताचे की मशीनचे, हे सगळं त्या उत्तरावरून ठरतं.

माझं माहेर वाई तालुक्यातलं. आमच्याकडे गोधडीला वाकळ म्हणतात. घट बसायच्या आधी घरातलं झाडून सगळं अंथरूण-पांघरूण नदीवर जायचं. वाकळ एकटीला पिळता येत नाही. एक टोक एकीनं धरायचं, दुसरं दुसरीनं, आणि दोघींनी उलट्या दिशेनं पीळ द्यायचा. मग त्या खडकांवर पसरायच्या. सगळ्या वाळत पडल्या की आजी त्यांच्यामधून सावकाश फिरायची. कुठे टाका उसवलाय, कुठे लुगडं विरलंय, हे बोटांनी चाचपायची आणि तिथे चिंधीची गाठ बांधून खूण करायची. घरी आलं की त्या खुणांवर ठिगळं पडायची. वरचं लुगडं पारच विरलं तर ते काढायचं नाही. त्यावरच दुसरं जुनेर, म्हणजे वापरून मऊ झालेलं लुगडं, घालायचं आणि सगळ्या थरांतून नव्यानं धावदोरा, म्हणजे साधे सरळ जाणारे टाके. म्हणून जुनी वाकळ कडेला उसवून पाहिली तर आत सात-आठ थर निघतात, सगळ्यात आतलं लुगडं कुणाचं होतं हे सांगणारंही कुणी उरलेलं नसतं. त्या वाकळा टिकल्या त्या दरवर्षी धुतल्या आणि डागल्या म्हणून.

हे मला माहीत असूनही मी भेट म्हणून दिलेली पहिली गोधडी चुकली. धाकट्या बहिणीच्या लग्नात तिला द्यायची म्हणून मी आईच्या दोन रेशमी साड्या वर घातल्या, जरीचे काठ चारी बाजूंनी लावले, मध्ये आरसे टाक्यांनी बसवले. लग्नात सगळ्यांनी कौतुक केलं. बहिणीनं ती प्लॅस्टिकच्या पिशवीत घालून कपाटाच्या वरच्या कप्प्यात ठेवली, कारण धुवायची कशी हे तिला कळेना आणि खराब करायचं धाडस होईना. ११ वर्षांनी आम्ही दोघींनी ती उघडली तेव्हा रेशीम घडी-घडीवर चिरलेलं होतं. जुनं रेशीम घडीवरच तुटतं. जरीचे काठ काळवंडले होते. एक रात्रही त्या गोधडीखाली कुणी झोपलं नव्हतं. आईच्या त्या दोन साड्या माझ्यामुळे गेल्या, याचं दुःख मला अजून आहे. तेव्हापासून जी धुता येणार नाही अशी गोधडी मी कुणाला देत नाही.

आता तुमच्या आईच्या साड्या. सगळ्या बाहेर काढा आणि तीन ढीग करा.

सूत कुठलं आणि टेरिकॉट-पॉलिस्टर कुठलं हे हाताला नाही कळलं तर पदराच्या आतल्या बाजूचे चार धागे काढून चिमट्यात धरून जाळा. सूत कागदासारखं जळतं, मऊ राख होते. पॉलिस्टर वितळतं आणि कडक गोळी राहते. हे मोरीत, पाणी जवळ ठेवून करा. पॉलिस्टर साड्या गोधडीत घालू नका. घाम शोषत नाहीत, सुई घसरते आणि सुताबरोबर धुतल्यावर सूत आटतं, पॉलिस्टर आटत नाही, मग गोधडीला पोक येतो.

सुती साडी उजेडासमोर धरा. जिथे जाळीसारखं दिसतं तिथे ती विरली आहे. दोन्ही अंगठे जवळजवळ ठेवून कापड उभं आणि आडवं ताणा. चर्रकन आवाज आला तर ती साडी वरच्या थराला चालणार नाही, पण आतल्या थराला उत्तम. विरलेलं सूत आत असलं की ऊब छान देतं आणि बाहेरचे दोन मजबूत थर त्याला धरून ठेवतात. नेसून बसायच्या जागी आणि निऱ्यांच्या खालच्या कडेला साडी आधी विरते, पदराकडचं कापड बहुधा धडधाकट असतं. वरचा थर पदराकडून काढा.

तिसरा ढीग रेशमी, जरीच्या आणि फार जपलेल्या साड्यांचा. त्या कापू नका. गोधडी करायचीच म्हणून प्रत्येक साडी कापली पाहिजे असं नाही. एखादी पैठणी किंवा इरकली अख्खी नेसायला कुणाला तरी द्या.

रंगाचं बोलायलाच हवं. ओल्या पांढऱ्या फडक्याखाली साडीचा काठ ठेवून वरून गरम इस्त्री दाबा. फडक्याला रंग लागला तर ती साडी धुण्यात रंग सोडणार. लाल, गर्द निळा, काळा आणि जांभळा यांची परीक्षा न चुकता करा. मिठाच्या पाण्यात भिजवलं की रंग पक्का होतो असं सांगतात. मी ते कित्येकदा करून पाहिलंय, तयार कापडाचा कच्चा रंग मिठानं पक्का होत नाही. साडी पुनःपुन्हा धुवायची, पाणी स्वच्छ येईपर्यंत. चार-पाच धुण्यांनंतरही पाणी रंगत असेल तर ती बाजूला. एका बाळाच्या दुपट्यात मी पांढऱ्या मलमलीला लाल काठ लावला होता, फक्त एकदा धुऊन. पहिल्या धुण्यात सगळं दुपटं गुलाबी झालं. ते बाळंतविड्यातलं होतं आणि बारसं दोन दिवसांवर होतं. रात्रभर बसून दुसरं शिवलं.

खळही काढून टाका. खळ असलेल्या कापडात सुई अडते आणि ठेवलेल्या गोधडीला कसर लागते. नवं कापड घेतलंत, मांजरपाट किंवा पॉपलीन, तर तेही कोमट पाण्यात धुऊन, वाळवून मगच कापा. सुती कापड पहिल्या धुण्यात आटतंच.

आईच्या साड्यांबद्दल थोडं वेगळं सांगते. अशा कामात मी कापडापेक्षा माणसांना जास्त जपते.

कापायच्या आधी बहिणीला आणि भावाला बोलवा. भाऊ लांब असेल तर व्हिडिओ कॉल लावून एकेक साडी दाखवा. कुठली साडी कुणाला अख्खी हवी, कुठली कापलेली चालेल, हे त्यांच्या तोंडून येऊ द्या. एका घरात थोरल्या मुलीनं सगळ्या भावंडांना गोधड्या करायला म्हणून साड्या माझ्याकडे आणल्या होत्या. मी कापल्या. नंतर कळलं की त्यातली एक हिरवी साडी धाकटीला हवी होती, तशीच, न धुता, कारण तिला आईचा वास येत होता. ते भरून देता येण्यासारखं नव्हतं. त्यानंतर सगळ्यांचा होकार असल्याशिवाय मी गेलेल्या माणसाच्या कपड्याला कात्री लावत नाही.

दुसरं, आईच्या साडीला पाय लागेल ही कल्पना काहींना सहन होत नाही. त्यांना चुकीचं ठरवू नका, गोधडीतच त्याची सोय करा. आईचा पदर डोक्याकडच्या बाजूला घ्या, म्हणजे तो हनुवटीपाशी, हातापाशी येतो. पायाकडच्या दीड-दोन फुटांत दुसरं साधं कापड घाला. आणि डोक्याची बाजू कुठली हे कायमचं कळावं म्हणून तिथल्या काठाला निराळ्या रंगाचा गोट, म्हणजे कडेवरून दुमडून शिवायची पट्टी, लावा.

तिसरं, गेलेल्या माणसाचे कपडे तान्ह्या बाळाला नकोत असं मानणारी घरं आहेत. बहिणीच्या सासरी काय मानतात ते बहिणीला आधीच विचारा. सासरचे नको म्हणाले तर बाळाचं दुपटं तुमच्या स्वतःच्या मऊ साडीचं करा. मावशीचं जुनेर हे दुपट्याला मानाचंच कापड आहे.

त्यातच तुमच्या शंकेचं उत्तर आलं. तान्ह्या बाळाच्या अंगाला आपल्याकडे पिढ्यान् पिढ्या जुनेरच लावत आले, कारण शंभर वेळा धुतलेल्या सुताइतकं मऊ नवं काही मिळत नाही. वाईट वाटतं ते मळकं, वास येणारं, घाईनं जोडलेलं कापड दिलं तर. स्वच्छ धुतलेलं, उन्हात वाळवलेलं, नीट गोट लावलेलं जुनेर कुणी हलकं मानल्याचं मला आठवत नाही. मैत्रिणींपैकी कुणाला तुमच्या आईची ओळखच नसेल, तर तिच्यासाठी वरचा थर नवा खण किंवा नवं छापील सुती कापड घ्या आणि जुनेर आत घाला. आईच्या साड्या त्यांना, ज्यांना आई आठवते.

आता हिशेब, कारण तीन महिन्यांत सात वस्तू ही इच्छा हिशेबात बसत नाही.

सहावारी साडी साधारण साडेपाच मीटर, म्हणजे २१६ इंच लांब आणि ४५ इंच पन्ह्याची धरा. एकेरी गोधडीसाठी साडीचे ७२ इंचांचे तीन तुकडे करा. दोन तुकडे काठाला काठ जोडले की ७२ बाय ९० इंचांचा एक थर होतो. कडा सरळ करून, हवं तेवढं छाटून साधारण ६० बाय ९० ची गोधडी निघते. चार थरांना आठ तुकडे लागतात, म्हणजे तीन साड्या, आणि एक तुकडा ठिगळांसाठी उरतो. तो उरलेला तुकडा फेकू नका, पुढे त्याचं काम आहे.

वेळ मात्र टाक्यांत जातो. ६० बाय ९० च्या गोधडीत धावदोऱ्याच्या ओळी एकेक इंचावर घातल्या तर ६० ओळी, प्रत्येक ९० इंचांची, मिळून १३७ मीटर शिवण. दीड इंचावर घातल्या तर ४० ओळी आणि ९१ मीटर. नवशिका हात तासाला तीनेक मीटर जातो. म्हणजे दीड इंचाच्या ओळींनाही ३० तास. भावाची ९० बाय १०० ची गोधडी त्याच अंतरानं घेतली तर १५२ मीटर, म्हणजे ५० तास, तेही कापणं, जोडणं, टाचणं सोडून. तुम्ही रोज एक तास बसलात तर दिवाळीपर्यंत ९० तास मिळतात, आणि रोज बसणं होत नाही हे घर चालवणाऱ्या कुठल्याही बाईला माहीत आहे.

म्हणून माझा आग्रह असा. सासूबाईंची एकच मोठी गोधडी हातानं करा. भावाला डबलबेडची देऊ नका, मांडीवर-खांद्यावर घ्यायची ४४ बाय ६० ची द्या. तिचं गणित फार सोपं आहे : एका साडीचे ६० इंचांचे तीन तुकडे करा, मधे कुठेही जोड नाही, तीन थर तयार, आणि ३६ इंच उरतात. तिला पंधराएक तास लागतील. बाळाची दुपटी मशीनवर. मैत्रिणींना गोधड्या नकोतच, त्यांना आसनं किंवा गरम भांडं धरायची जाड चौकोनी फडकी करा. ती तुकड्यांतून होतात आणि एका बैठकीत एक होतं.

सासूबाईंचं वय आणि गुडघे-मनगटं लक्षात घ्या. सुती गोधडी भिजली की कोरडीच्या दुप्पट-तिप्पट जड होते. चार थरांची गोधडी वयस्कर बाईला बादलीतून उचलता येत नाही, मग ती मोलकरणीकडून धुऊन घेतली जाते किंवा धुतलीच जात नाही. त्यांच्यासाठी तीनच थर घ्या, मधला मलमलीसारखा पातळ, आणि छाटताना उरलेला तुकडा ठिगळांसाठी ठेवा. ऊब कमी पडेल अशी भीती वाटते, पण तीन थरांमधल्या हवेची ऊब महाराष्ट्रातल्या बहुतेक थंडीला पुरते, आणि ती त्यांना घरच्या मशीनमध्ये एकटीनं टाकता येते.

भावाच्या घरी कपडे वाळवायचं गरम हवेचं यंत्र असणार. त्यात सुती कापड आणखी आटतं. त्याच्यासाठीचे तिन्ही तुकडे कापण्याआधी गरम पाण्यात दोनदा धुऊन कडक उन्हात वाळवा, म्हणजे आटायचं ते इथेच आटेल. तिकडे घरं आतून गरम असतात, पातळ गोधडी तो सोफ्यावर रोज घेईल. आणि बॅगेत तिचं किलोभरसुद्धा वजन होणार नाही.

बाळासाठी एक दुपटं देऊ नका, चार द्या. दिवसातून दोन-तीन ओली होतात. साडीचे ३६ इंचांचे सहा तुकडे पडतात, म्हणजे एका साडीत तीन थरांची दोन दुपटी. गोंडे, टिकल्या, बटणं, आरसे, लोकर काही लावू नका. बाळ सगळं तोंडात घालतं. आणि बहिणीला स्पष्ट सांगा की दुपटं गुंडाळायला, मांडीवर घ्यायला, जागं बाळ खाली ठेवायला आहे. झोपलेल्या तान्ह्या बाळाजवळ सुटं पांघरूण ठेवू नये, ते तोंडावर गेलं तर बाळाला बाजूला सारता येत नाही. पहिलं वर्षभर ही काळजी घ्यावी असं बालरोगतज्ज्ञही सांगतात.

गरम भांड्याच्या फडक्यात सूतच हवं, पाच-सहा थर. पॉलिस्टरचा एक थर जरी आत गेला तरी गरम कढईला तो वितळून चिकटतो आणि हात भाजतो.

आता शिवण.

गोधडी मांडायला सपाट फरशी लागते, पलंगावर मांडू नका. खालचा थर उलटा पसरा, कडा चिकटपट्टीनं फरशीला धरा, हातानं मधून कडेकडे सुरकुती काढा. त्यावर मधला, त्यावर वरचा सुलटा. कोपऱ्यांवर वरवंटा, पाट, जाड पुस्तकं, जे हाताशी असेल ते ठेवा. मग मोठ्या सुईनं, रंगीत दोरा घेऊन, कच्चे टाके घाला. मधून सुरुवात करून चारी दिशांना, ओळींमध्ये वीतभर अंतर. हे काम कंटाळवाणं आहे आणि नवीन शिकणाऱ्या बायका हेच टाळतात. पुढे धावदोरा घालताना एक थर सरकतो, कडेला चुणी साचते आणि ती कशानंच जात नाही. सगळी गोधडी उसवावी लागते. कच्च्या टाक्यांना दोन संध्याकाळ द्या. याच वेळी शेजारणीला किंवा नणंदेला बोलवा, समोरून दुसरं कुणी कापड ताणून धरणारं असलं की काम निम्मं होतं.

सुई लांब, पातळ आणि मोठ्या नेढ्याची घ्या. दाभण घेऊ नका, ती विरलेल्या कापडात भोकं ठेवते आणि धुण्यात तीच भोकं फाटतात. दोरा सुतीच. नायलॉनचा किंवा पॉलिस्टरचा मजबूत दोरा टिकेल असं वाटतं, पण तो मऊ जुनेराला हळूहळू कापत जातो. ताण आला तर कापडाच्या आधी दोरा तुटला पाहिजे. तुटलेला टाका पाच मिनिटांत घालता येतो. दोरा हातभरच घ्या, त्याहून लांब घेतला की गुंता होतो आणि प्रत्येक टाक्यात घासून तो झिजतो. मेणबत्तीवरून एकदा ओढून घेतलात तर सरळ जाईल.

सुईवर तीन-चार टाके भरायचे आणि मग ओढायची. इंचाला तीन टाके आले की पुरे. सगळे सारखे आले पाहिजेत हा हट्ट सोडा, पण प्रत्येक टाका खालच्या थरातून गेलाच पाहिजे. दर दोन ओळींनी गोधडी उलटून पाहा. गाठ वर ठेवू नका. दोरा जरासा झटक्यानं ओढला की गाठ थरांच्या मध्ये जाते. दोरा फार ताणू नका, सैलही सोडू नका. ओळीवरून तळवा फिरवला तर गोधडी किंचित लाटांसारखी लागली पाहिजे. ती लाट पहिल्या धुण्यात आणखी उठते आणि गोधडीला तिचं खरं रूप तेव्हा येतं. उजव्या हाताच्या मधल्या बोटाला अंगुस्तान, म्हणजे सुई टोचू नये म्हणून घालायची टोपी, घाला. पहिले चार दिवस अडचण वाटेल, पाचव्या दिवशी त्याच्याशिवाय बसवणार नाही.

मशीन हवंच असेल तर जोड आणि गोट मशीनवर करा, धावदोरा हाताचा. तीन थर पायमशीनखाली जातात, पण वरचा थर पुढे सरकतो. दाब थोडा कमी करा, टाका मोठा ठेवा आणि प्रत्येक ओळ एकाच दिशेनं शिवा, जाऊन-येऊन शिवू नका. दुपट्याला हे चालतं, मोठ्या गोधडीला मशीनची टीप कडक लागते. अंगावर घेतल्यावर ती घडी पडत नाही, उभी राहते.

गोटाची पट्टी उरेब, म्हणजे कापडावर तिरकी, कापा. सरळ कापलेली पट्टी कोपऱ्यावर ओढते. आणि डोक्याकडच्या कडेला गोट दुहेरी लावा. गोधडी तिथेच आधी मळते आणि विरते, कारण हात, हनुवटी, केसांचं तेल तिथे लागतं. बाकी गोधडी दहा वर्षं धडधाकट राहते आणि ही एक बाजू फाटते. गोट दुहेरी असला की वरचा काढून नवा लावता येतो.

आता डिझाइन. पहिल्या गोधडीला कडेपासून आत जाणारे चौकोन घाला, एकात एक, मध्यापर्यंत. आमच्याकडच्या वाकळा अशाच असतात. कर्नाटकातल्या उत्तर कन्नड जिल्ह्यात आफ्रिकी वंशाच्या सिद्दी समाजाच्या बायका शिवतात ती गोधडी, कवंदी, याच रीतीनं कडेकडून मध्याकडे जाते. त्या ठिगळं लावत-लावतच टाके घालतात आणि चारी कोपऱ्यांना घडी घातलेल्या कापडाची त्रिकोणी फुलं बसवतात. त्या फुलांशिवाय कवंदी पूर्ण झाली असं त्या मानत नाहीत. कोपरे दुहेरी होतात, म्हणून टिकतात. तुम्हीही आईच्या एखाद्या काठाचे चार तुकडे घेऊन कोपऱ्यांना त्रिकोण बसवा. त्याहून जास्त काही नको. साडीचाच पोत, काठ आणि पदर इतकं बोलतात की वर चौकोन-षटकोनांची जुळणी केली की ते दबून जातं. तुकड्यांची जुळणी मला आवडते, पण ती दुसऱ्या-तिसऱ्या गोधडीला. तुकडे जितके जास्त तितके जोड जास्त, आणि धुण्यात आधी उसवतात ते जोड.

शेवटच्या ओळीचा दोरा कापल्यावर उलट्या बाजूच्या पायाकडच्या कोपऱ्यात साखळी टाक्यानं लिहा : कुणाच्या साड्या, कुणी शिवली, कुठली दिवाळी. भावाच्या मुलांना मोठेपणी ते वाचायला मिळेल. आणि गोधडीच्या घडीत एक चिठ्ठी ठेवा, त्यात दोनच गोष्टी : पहिली दोन धुणी वेगळी आणि थंड पाण्यात, आणि ब्लीच घालू नये. घडी उघडताच ही चिठ्ठी दिसली की गोधडी वापरायची आहे हे समोरच्याला कळतं. माझ्या बहिणीला तेच कुणी सांगितलं नव्हतं.

गोधडी देण्याआधी तुम्ही स्वतः ती एकदा धुवा, वाळवा आणि एक रात्र अंगावर घेऊन झोपा. कुठे टोचतं, कुठे टाका ढिला आहे, कुठे जडपणा एका बाजूला गेलाय, हे झोपल्याशिवाय कळत नाही.

मग तो ठिगळांचा उरलेला तुकडा. तो गुंडाळून, त्यात थोडा तोच दोरा आणि एक सुई घालून तुमच्याकडेच ठेवा. संक्रांतीला सासूबाईंकडे जाल तोवर गोधडी दोन-तीनदा धुतलेली असेल. दुपारी त्या झोपून उठल्या की ती गच्चीत उन्हात पसरायला सांगा, आणि सुईदोरा घेऊन तिच्या कडेकडेनं एकदा फिरून या.